पदराचा मोकळा कोपरा

रविवार, ४ नोव्हेंबर १९७९

आज नागपुरात आली. उमरेडच्या यष्टीत खिडकीची जागा भेटली. शेजारच्या बाईच्या टोपलीत कोंबडी होती, ती पुऱ्या रस्त्यानं माझ्याकडंच पाहून राहिली होती. मी तिले म्हटलं, काय वं, तू भी नागपूरले राहाले चालली का? तं ती टोपलीवाली बाई अशी हसली का कंडक्टरनं तिकिटं फाडायचं सोडून मागं पाह्यलं.

ही डायरी प्रेमिलाच्या आपिसातली आहे. आमच्या प्रौढ वर्गाच्या बाईनं सांगतलं होतं का रुख्माबाई, रोज काही ना काही लिहत जा, नाही तं शिकलेली अक्षरं उडून जाईन. म्हातारपणी शिकलेलं पक्कं बसत नाही, कच्च्या रंगाच्या सुतासारखं. म्हणून लिहून राहिली. चुकलं असन तं वाचणाऱ्यानं सुधारून घ्यावं.

प्रेमिला म्हणजे माझ्या पोराची, ईश्वरदासची मोठी पोरगी. टेलिफोन आपिसात बसते, ह्याचा आवाज त्याले जोडून देते. अन् संध्याकाळी नाटकात काम करते. त्यावरून उमरेडच्या बाया नाकं मुरडते. मी म्हटलं, मुरडा. तुमच्या पोरी अंधारात जे करते त्यापेक्षा माझी उजेडात करते ते बरं. तिच्या खोलीतली जोडीदारीण लगीन करून गेली, म्हणून तिनं मले बोलावून घेतलं. तिच्या नाटकाच्या संस्थेले कपडे शिवाले बाई भी पाहिजे होती. आमचा हातमाग विकल्यापासून माझ्या हातायले चैन नव्हती. मी पिशवी भरूनच बसली होती.

महाल भागात वरच्या माळ्यावर खोली आहे. खाली संत्रीवाला बसते, त्याचा वास थेट वर येते. आज पाटवडी केली. पोट्टीनं बोटं चाटून खाल्ली. मले एवढा आनंद झाला का मी दोन वेळा भांडी घासली.

मंगळवार, ६ नोव्हेंबर

संस्थेच्या हॉलमंदी गेली अन् पहिल्याच दिवशी लाज घालवली. चपला घालून सरळ रंगमंचावरून चालत निघाली, वाटलं पलीकडं जायचा रस्ता तोच. तालीम चालू होती. एक माणूस मरून पडला होता. त्याले ओलांडता येईना तं मी म्हटलं, जरा सरक गा बाबू. तो मेलेला माणूस सरकला अन् हसला. मंग सगळेच हसले. मनोहररावनं कपाळाले हात लावला. मनोहरराव म्हणजे दिग्दर्शक, नाटक भी त्यायनंच लिहिलं, दिवसा बँकेत असते. मी कानापर्यंत लाल झाली. रंगमंचाले पाय लावाच्या आधी चपला काढून नमस्कार करा लागते, हे मले कोणी सांगतलं नव्हतं.

मंग मले मारोतरावच्या ताब्यात दिलं. मारोतराव नाटकाच्या कपड्यायचं पाहते. सुकलेल्या चिंचेसारखा माणूस, ओठात टाचण्या धरून बोलते. त्यायनं मले सगळं शिकवलं. बाजूची आडोशाची जागा ती विंग. वरून लोंबते ती झालर, तिच्यामागं दिवे लपते. समोरचा मोठा मखमली तो दर्शनी पडदा. रंग लावाची खोली ती रंगपट अन् आपली ती कपडेपट. कापडाची उभी भिंत म्हणजे फ्लॅट, तिले टेकाचं नाही. मी टेकली. तिसरी घंटा झाली का राजा असो का भिकारी, विंगेत चूप.

घरी येऊन मी भाकर थापता थापता सगळे शब्द म्हणून पाह्यले. प्रेमिला म्हणते, आजी, आता भाकर विंगेतून आण, झालरीखाली ठेव. फाजील कुठली.

शुक्रवार, ९ नोव्हेंबर

नाटकातली सगुणा कोष्ट्याची बायको आहे. तिच्या नवऱ्याचा माग विकल्या जाते अन् तिसऱ्या अंकात ती विहिरीत उडी घेते. विहीर म्हणजे प्लायवूडचं रंगवलेलं कडं, आत गादी टाकली आहे. पाण्याचा थेंब नाही. सगुणा म्हणजे आपली प्रेमिला.

आज ते उडी घ्यायच्या वेळचं लुगडं पाह्यलं. आपल्याकडचंच, हिरवं, लाल काठाचं. मारोतराव म्हणे, बाई, बाकी काहीही शिवा, ह्याले हात लावू नका, हे असंच राहते. काहून ते सांगतलं नाही, ओठात टाचण्या होत्या.

मी उलगडून पाह्यलं तं काय. पदराच्या टोकाले जे सुटे दोरे राहते ना, दशा म्हणते त्यायले, त्या सगळ्या बराबर वळून गाठी मारलेल्या. एकच कोपरा तसाच सोडलेला. दोरे लोंबून राहिले, झिपऱ्यासारखे. आता कोष्ट्याघरी दशा वळल्याशिवाय लुगड्याची घडी होत नाही. अर्ध्या पदराची बाई बजारात गेली तं लोक तिच्या सासूले नावं ठेवते. अन् ही तं स्टेजवर उभी राहणार, पुऱ्या नागपूरसमोर. उमरेडहून आपली माणसं पाहाले येणार. ते काय म्हणन? का रुख्माबाई तिथं असून कोष्टीण अशी उभी केली?

मारोतराव चहा प्याले गेले. मी कोपरा मांडीवर घेतला, बोटाले थुंकी लावली, दोरे वळले, गाठी मारल्या. आमच्या घरची गाठ, सासूनं शिकवलेली, गव्हाच्या दाण्यावानी दिसते. लय दिवसानं बोटं चालली, काय सांगू. घडी करून जागेवर ठेवलं. मारोतरावले बोलली नाही. आळशी माणसाचा आळस त्याच्या तोंडावर काहून मारावा.

गुरुवार, १५ नोव्हेंबर

आज रंगीत तालीम झाली. म्हणजे दिवे, रंग, कपडे सगळं लावून, फक्त समोर माणसं नाही. माझी पोट्टी अशी मेली का मी ओरडलीच. मनोहररावनं माझ्याकडं डोळे वटारले. मी पदर तोंडात कोंबला.

पडदा पडला तरी प्रेमिला कड्यातून वर येईना. सगळे टाळ्या वाजवून राहिले होते. मी वाकून पाह्यलं तं गादीवर उताणी पडली, डोळे उघडे. हाक मारली, तं माझ्याकडं अशी पाहे जशी मी लय वर आहे अन् ती लय खाली. मंग उठली. म्हणे, काही नाही आजी, भूमिकेत खोल गेली होती. शोभाताई, ज्या नाटकात तिच्या सासूचं काम करते, त्या म्हणाल्या, याले म्हणते तन्मय होणं. मी भी म्हटलं, असन. मोठ्या लोकायचा शब्द आहे.

लुगडं उतरवून घेतलं तं ओलं. घाम असन. पण घामाले शेवाळाचा वास येत नाही.

रविवार, १८ नोव्हेंबर

प्रेमिला जेवत नाही. काल पुन्हा पाटवडी केली, ताटाकडं पाहून राहिली अन् म्हणे, हे मी खात होती का? मी हसली. ती नाही हसली.

तिचे केस सुकत नाही. कोरड्या टॉवेलनं पुसले, उन्हात बसवली. उशी ओली होते.

दुपारी खालून मनोहररावनं हाक मारली, थट्टेनं, सगुणाबाई आहेत का घरात. तं ही पटकन ओ म्हणाली. त्याच्या आधी मी प्रेमिला प्रेमिला करून थकली होती. जणू शेजारच्या घरातल्या कोणाले बोलावून राहिली.

कपडेपटात लुगडं दोरीवर टाकलं होतं, भर उन्हाच्या खिडकीत. त्याच्याखाली फरशीवर पाणी जमा झालं. पुसलं. पुन्हा जमलं.

बुधवार, २१ नोव्हेंबर

आज जे झालं ते लिहू का नको. लिहते. खोटं लिहाले मी अक्षरं शिकली नाही.

मारोतरावनं घडी उलगडली अन् तो कोपरा पाह्यला. त्यायच्या ओठातल्या टाचण्या खाली पडल्या. सगळे तिथंच होते, मनोहरराव, शोभाताई, प्रेमिला, मी. मारोतराव म्हणाले, "यमाले पुरा कपडा लागते. अर्ध्या कपड्यातलं माणूस तो नेत नाही. म्हणून जी बाई स्टेजवर मरते तिचा एक कोपरा आम्ही मोकळा ठेवतो. माझ्या बापानं ठेवला, मी ठेवला. हा कोणी पुरा केला?"

कोणी बोलेना. मी भी बोलली नाही.

त्या वेळेस म्हणायले पाहिजे होतं का मी. एक अक्षर. पण सगळे पाहून राहिले होते, अन् मले चपलांचा दिवस आठवला, सगळे हसले होते तो. मनात आलं, खेड्यातली म्हातारी, आली अन् घात केला, असं म्हणन. मी खाली पाहून सुईत दोरा ओवत बसली. ओवलेलाच होता.

मनोहरराव हसले, म्हणाले विसाव्या शतकात हे काय. मारोतराव ऐकेना, म्हणे प्रयोग थांबवा. पोरी घाबरल्या, एक रडू लागली. तं मनोहरराव चिडले. शोभाताई म्हणाल्या का मारोतरावनंच केलं असन, वय झालं, ध्यानात नाही राहात, अन् आता दुसऱ्यावर ढकलते. मनोहररावनं मारोतरावले सांगतलं का तुम्ही उद्यापासून येऊ नका.

ते गेले. जाताना फक्त मले म्हणाले, बाई, दोरीवरचे चिमटे मोजून ठेवा, हरवते.

प्रेमिला माझ्याकडं पाहून राहिली होती.

शनिवार, २४ नोव्हेंबर

गुपचूप उसवलं. सुईच्या टोकानं एकेक गाठ सोडली, दोरे मोकळे केले, पाण्यानं सरळ केले. वाटलं झालं. कोणाले समजलं भी नाही.

आज पाह्यलं तं कोपरा वळलेला. गव्हाच्या दाण्यावानी गाठी. माझ्याच घरची गाठ. ही गाठ नागपुरात दुसऱ्या कोणाले येत नाही.

पुन्हा उसवलं. चहा टाकून परत आली तं पुन्हा तसंच.

कात्रीनं कोपराच कापला. तुकडा चुलीत टाकला. धूर झाला, ओल्या लाकडाचा होते तसा. सकाळी कोपरा जागेवर होता.

प्रेमिलानं आपिसातून सुट्टी घेतली. म्हणते, फोनमंदी सगळ्यायचे आवाज वरून येते.

सोमवार, २६ नोव्हेंबर

मारोतरावच्या घरी गेली, इतवारीत. बोळात त्यायची बायको संत्र्याच्या साली सुकवत होती. मले आत बसवलं, चहा दिला. पाहुण्याले टाकते तशी साखर टाकली. शिव्या दिल्या असत्या तं बरं वाटलं असतं.

मी म्हटलं, मारोतराव, तो कोपरा मी. ते म्हणाले, माहीत आहे, गाठ पाहूनच समजलं. मी म्हटलं, मंग त्या दिवशी बोलले काहून नाही? ते म्हणाले, मी वाट पाहत होतो.

मी विचारलं, आता काय करू, उसवते तं परत वळल्या जाते. तं म्हणाले, "चोरून उसवलं ते चोरूनच वळल्या जाते, रुख्माबाई. ज्या हातानं पुरं केलं त्यानंच लोकायसमोर उसवावं अन् तोंडानं सांगावं का मी केलं. दर्शनी पडदा उघडा पाहिजे. बंद पडद्यामागं बोललेलं धरत नाही."

मी म्हटलं, सगळ्यायसमोर? ते म्हणाले, सगळ्यायसमोर. प्रयोगाच्या दिवशी, तिनं विहिरीत पाय टाकाच्या आधी.

मंग मी घरी आली. येताना एका बाईनं विचारलं, आजी, काहून रडता? मी म्हटलं, डोळ्यात कचरा गेला. बघा, इथं भी खोटंच.

बुधवार, २८ नोव्हेंबर

प्रेमिलाले सांगतलं. दार लावून सांगतलं. तिचे पाय धरले, आजीनं नातीचे धरू नये पण धरले. थंड होते, नदीतल्या गोट्यासारखे. म्हटलं, तू नको जाऊ त्या नाटकात, उमरेडले चल. ती म्हणे, सगुणाले जा लागते.

मंग थोड्या वेळानं, माझ्या प्रेमिलाच्या आवाजात म्हणाली, "मले माहीत आहे आजी, तू वळलं ते. इथं नको सांगू. तिथं सांग."

शुक्रवार, ३० नोव्हेंबर

ईश्वरदास येऊन गेला. रविवारी सगळे येते म्हणे, आपल्या आळीतले लोक, यष्टी भरून. मौद्याचे पाहुणे भी येते, ज्यायनं प्रेमिलाले मागणी घातली. म्हणे, माय, उमरेडले सगळे म्हणते का नाटकाचे कपडे रुख्माबाईनं शिवले, आपल्या लोकायचं नाव राखलं.

एवढा खूश होता. मी त्याले पाणी दिलं.

त्यायच्यासमोर सांगू? सुनेसमोर, व्याह्यांसमोर? का मी घात केला अन् दुसऱ्याले घालवून चूप बसली?

प्रेमिला बापाले ओळखे पण लांबून ओळखे.

शनिवार, १ डिसेंबर

लुगडं घरी आणून ट्रंकेत घातलं. कुलूप. किल्ली कमरेले.

दुपारी प्रेमिला न्हाणीतून आली, तेच नेसून. काठातून पाणी गळून राहिलं होतं. किल्ली कमरेलेच.

मनोहररावकडं गेली. दारापर्यंत गेली. त्यायच्या घरी लोक बसले होते, हसून राहिले होते. परत आली.

उद्या. उद्या नक्की. काय बोलाचं ते इथंच लिहून नेते, तिथं गेल्यावर जीभ वळत नाही माझी. पदराचा कोपरा मी वळला. मारोतरावनं नाही. मारोतरावले माफी. एवढंच.

रविवार, २ डिसेंबर

विंगेत बसली. डायरी मांडीवर. पहिली घंटा झाली.

पडद्याच्या फटीतून पाह्यलं. पुढच्याच ओळीत ईश्वरदास, नवा सदरा. आपली सगळी माणसं. मारोतराव भी आले आहे, लय मागं, दारापाशी उभे.

तिसरी झाली का पडदा उघडन, तेव्हाच जाते.

तिसरी झाली. पडदा उघडला. पाय उठले नाही. उजेड लय होता. पहिला अंक झाला का जाते.

—

दोन अंक झाले. टाळ्या. शोभाताई विंगेत येऊन म्हणाल्या, आजी, तुमची नात आज वेगळीच दिसते. तिच्या पावलायचे ओले ठसे, कोरडे होत नाही. कोणाले दिसत नाही का?

—

तिसरा अंक. आता जा लागते.

ती कड्याजवळ आली. हिरवं लुगडं. कोपरा दिसते इथून, गाठी, गाठी.

कड्यातून आवाज येते. पाण्याचा. खालून, लय खालून. गादी टाकली होती तिथं.

—

थांबली. प्रेमिला थांबली. कड्यावर एक पाय. तिचं वाक्य आहे तिथं, बोलून नाही राहिली. मागून प्रॉम्प्टर सांगते, पुन्हा सांगते. तिले ऐकू येते पण ती —

विंगेकडं पाहते. माझ्याकडं.

नाटकात हे नाही. ती माझ्यासाठी थांबली.

पुरा हॉल चूप. लोकायले वाटते अभिनय आहे. ईश्वरदास डोळे पुसून राहिला. अभिमानानं —

मनोहरराव खूण करते, हलू नका.

चार पावलं आहे. शब्द सगळे लिहून आणले. लिहाले येते मले, तोंडातून —

पाणी कड्याच्या वर आलं. तिच्या घोट्याले —

अजून पाहते. माझी पोट्टी. अजून वाट —

थांब वं, प्रेमिला. उठली मी. सांगते, सगळ्यायसमोर सांगते, ही उठलीच, फक्त एवढी ओळ पुरी झाली का —